डिंकाची गिटार

"शैलेंद्र, हा डिंक फुलत का नाहीये रे?"

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून उल्काचा हा प्रश्न आला तेव्हा शैलेंद्र शेल्टरमध्ये उभा राहून आपल्या गिटारकडे कौतुकाने पाहत होता. सिंगापूरच्या नव्या फ्लॅटांमध्ये एक खोली जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची असते. युद्धबिद्ध झालंच तर घरातल्यांनी तिथे दार लावून बसावं, अशी सरकारी सोय. युद्ध काही होत नाही, त्यामुळे लोक तिथे सूटकेसेस, मोडके पंखे आणि उत्साहात घेतलेली व्यायामाची सायकल ठेवतात. शैलेंद्रच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मात्र गेलं वर्षभर त्या खोलीत गिटार तयार होत होती.

शैलेंद्र वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर होता. तो नक्की काय करतो हे त्याच्या आईवडिलांना कधीच कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यालाही काही काही दिवशी कळत नसे. लेकीने, म्हणजे अवनीने, लहानपणी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, 'माझे बाबा फोनवर बोलतात आणि मग थकतात.' बाईंनी त्यावर हसरा चेहरा काढून दिला होता. सगळे हसले, शैलेंद्रही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही. आयुष्यात एकदा तरी आपल्या हाताने एक वस्तू करायची, हातात धरता येईल अशी, आणि ती अवनीने वापरायची, असं त्याने तेव्हापासून ठरवलं होतं. अवनी पुढे गिटार शिकली आणि वस्तू कोणती हा प्रश्न सुटला.

ते वर्ष उल्काने कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. गिटारच्या बाजूच्या पट्ट्या वाकवायला वाफ लागते, म्हणून ऐन गणपतीत मोदकपात्र शेल्टरमध्ये गेलं. कडा चिकटवायला चिमटे लागतात, म्हणून घरातले कपड्यांचे सगळे चिमटे गेले. परिणामी उल्काचा नवा कुर्ता खिडकीबाहेरच्या वाळवणाच्या बांबूवरून उडून खालच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांच्या बांबूवर जाऊन बसला. आजोबांनी तो धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला, आणि तेव्हापासून उल्का त्यांच्यासमोर लिफ्टमध्ये मान वर करत नव्हती.

एका गोष्टीचा मात्र तिला फायदा झाला. सिंगापूरची हवा दमट आणि गिटारच्या लाकडाला ओल चालत नाही. म्हणून शैलेंद्रने शेल्टरमध्ये हवा कोरडी करणारं एक यंत्र आणून बसवलं. चारच दिवसांत उल्काच्या लक्षात आलं की या खोलीत पापड सादळत नाहीत. मग पापड आत गेले, पापडांमागून कुरडया गेल्या, साबुदाणा गेला, डिंक गेला, मेतकूट गेलं, आणि वर्षअखेरीस शेल्टरच्या एका फळीवर गिटारचा कारखाना आणि दुसऱ्या फळीवर किराणा असा संसार सुरू झाला. उल्काला फाटलेलं पाकीट डोळ्यांसमोर सहन होत नसे. कोणतंही पाकीट उघडलेलं दिसलं की ती ते कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतून मोकळी होई. बरणीवर चिठ्ठी लावायची तिला कधी गरज वाटली नाही. आत काय आहे ते दिसतंय की, असं तिचं म्हणणं.

"अरे, ऐकतोयस का? नुसता वितळतोय हा. आणि वास बघ कसला येतोय!"

शैलेंद्र स्वयंपाकघरात आला. वास खरोखरच येत होता. ओलं कुत्रं आणि जळके केस यांच्या मधला कुठला तरी तो वास होता. कढईत तुपावर मधाच्या रंगाचे खडे फुलण्याऐवजी पाघळत होते आणि ओट्यावर कॉफीची बरणी उघडी होती. शैलेंद्रने त्या बरणीतला एक खडा उचलून नाकाशी धरला.

तो डिंक नव्हता. तो सरस होता. सुतारकामातला जुन्या पद्धतीचा, जनावराच्या कातडीपासून केलेला सरस. गिटारच्या पोटावर एक पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात, आणि सगळ्या तारा तिच्यात रोवलेल्या असतात. बाकी गिटार कशानेही चिकटवा, पण ही पट्टी सरसानेच चिकटवायची, तरच लाकूड गातं, असं इंटरनेटवरच्या एका दाढीवाल्या गृहस्थाने शैलेंद्रला पटवलं होतं. मग त्याने सरस मागवला. पाकिटाचा कोपरा फाटला. पाकीट उल्काने पाहिलं. पुढचं आता सांगायला नको.

पण सरस जर इथे कढईत होता, तर गेल्या आठवड्यात त्याने बरणीतून काढून, पाण्यात भिजवून, कोमट करून, श्वास रोखून त्या पट्टीखाली लावलं ते काय होतं? शैलेंद्रला आता आठवलं की त्या दिवशी त्याच्या सरसाला अजिबात वास आला नव्हता. याचा त्याला अभिमानही वाटला होता. 'सरसाच्या दुर्गंधीबद्दल लोक उगीच बोलतात, स्वच्छता पाळली की वास येत नाही,' असा सल्लाही त्याने गिटारवाल्यांच्या ग्रुपवर जगभरच्या कारागिरांना दिला होता.

"जुना असेल," तो घाईघाईने म्हणाला. "टाकून दे."

"टाकून काय दे? जान्हवीचे लाडू करायचेत. उद्या बारसं आहे."

जान्हवी ही उल्काची मावसबहीण. हार्बरफ्रंटला राहायची आणि नुकतीच बाळंत झाली होती. तिची आई, प्रेमलामावशी, पुण्याहून बाळंतपणाला आली होती, येताना स्वतःचा तवा घेऊन. मावशींना कांदासुद्धा चालत नसे. अंड्याचा केक ज्या सुरीने कापला त्या सुरीला त्या पाहुण्यासारखं लांबून बघत. अशा घरी कातडीच्या सरसाचे लाडू जाणार होते. दुसरीकडे, उद्याच्या बारशात अवनी शैलेंद्रच्या गिटारवर पाळणा वाजवणार होती, आणि ती गिटार बाळंतिणीच्या लाडवांच्या डिंकावर उभी होती.

उल्काला तिथल्या तिथे खरं सांगून टाकावं, हा सरळ मार्ग होता. पण कातडीची वस्तू गेले कित्येक दिवस उपासाच्या साबुदाण्याला टेकून बसली होती, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गिटारसकट घराबाहेर जायची वेळ आली असती. शैलेंद्र तोंड उघडणार एवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिसमध्ये काहीतरी बंद पडलं होतं. ते का बंद पडलं यावर बरीच मंडळी बराच वेळ बोलली, शैलेंद्रही बोलला आणि थकला. खोलीतून बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघर लख्ख होतं आणि सगळ्या घरभर जायफळाचा वास सुटला होता.

"झाले लाडू?" त्याने चाचरत विचारलं.

"झाले आणि गेलेही. अवनी मैत्रिणीकडे निघाली होती तिकडेच, तिच्या हाती पाठवले. मी आता जरा पडते."

शैलेंद्रने चपला घातल्या.

क्वीन्सटाउनहून हार्बरफ्रंटपर्यंतच्या एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रवासात त्याने लाडू परत मिळवायच्या अनेक योजना आखल्या. ऑफिसात अशा वेळी तो फळ्यावर चौकटी काढून बाण जोडत असे. इथे फळा नव्हता आणि बाण सगळे त्याच्याकडेच येत होते.

दार मावशींनी उघडलं. आत बाळ टाहो फोडत होतं. त्याला कडेवर घेऊन जान्हवीचा नवरा अनीश हॉलमध्ये येरझारा घालत होता आणि जान्हवी सोफ्यावर बसल्या बसल्या डोळे उघडे ठेवून झोपली होती.

"या, या शैलेंद्रराव! असे अचानक?"

"सहजच. इकडे फेरी टर्मिनलवर आलो होतो."

"कुठे निघालात की काय?"

"नाही, नाही. बघायला."

"काय, बोट?"

"हो. बोट."

मावशींनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. पण जावई तो जावई. त्यांनी पंखा लावला, पाणी आणलं.

"मावशी, लाडू पोचले का हो?"

"आत्ताच अवनी देऊन गेली. कुणी हात नाही लावलाय अजून. देवापुढे ठेवलेत."

शैलेंद्रने डोळे मिटून घेतले. सरस देवापर्यंत पोचला होता.

"उल्काने डबा परत मागवलाय," तो म्हणाला. "जायफळ राहिलं म्हणे."

"राहिलं कुठे? जायफळाचाच वास सुटलाय. आणि कमी असलं तरी आहे की माझ्याकडे, वरून किसून घालते."

"जायफळ नाही, खसखस."

"खसखस दिसतेय वरून."

"मग... मग मला एक लाडू मिळेल?"

आता आली पंचाईत. बाळंतिणीचे लाडू म्हणजे औषध. ते घरातल्या पुरुषांनी मागायचे नसतात, पाहुण्यांनी तर मुळीच नाही. पण जावयाने तोंडाने मागितलं आणि सासूने नाही म्हटलं, असंही मावशींच्या माहेरी-सासरी कधी घडलं नव्हतं. त्यांनी देवापुढचा डबा उचलला, ताटलीत एक लाडू ठेवला आणि त्याच्यासमोर बसल्या. शैलेंद्र हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस खायचा, त्यामुळे त्याचा धर्म बुडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न पोटाचा होता. त्याने घास घेतला. लाडू चवीला अप्रतिम होता. याचाच त्याला जास्त धसका बसला.

"आणखी एक?" मावशींनी रीत म्हणून विचारलं.

"द्या."

मावशींनी दिला. शैलेंद्रने खाल्ला. त्यांनी पुन्हा रीत म्हणून विचारलं आणि पुन्हा तो "द्या" म्हणाला. या गतीने डबा संपवायला संध्याकाळ होईल हे त्याच्या लक्षात आलं. शिवाय लाडू आता घशाशी येत होता.

"मावशी," शेवटी तो धीर करून म्हणाला, "मला हे सगळेच हवेत."

अनीश येरझारा घालायचा थांबला. बाळसुद्धा क्षणभर रडायचं थांबलं.

"सगळे?"

"गुडघे फार दुखतात हो माझे. डिंक चांगला असतो म्हणतात."

"तर काय," मावशी उठल्या. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "जान्हवीचीही कंबर भरून आलीय म्हणा, पण तिचं काय, तरुण आहे ती. न्या तुम्ही. अनीश, पिशवी दे रे यांना."

शैलेंद्र डबा छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरला. तो एमआरटीत बसेपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशींचा निरोप येऊन पडला होता. 'जावईबापूंना उल्काच्या हातचे लाडू फारच आवडले. संपूर्ण डबा घेऊन गेले. आम्हांला आनंद वाटला.' खाली नाशिक, डोंबिवली आणि न्यू जर्सीतून आश्चर्याचे चेहरे उमटत होते. एका आतेसासऱ्यांनी विचारलं होतं, 'घरी सगळं ठीक आहे ना?'

आपल्या मजल्यावर उतरल्या उतरल्या शैलेंद्रने पहिलं काम केलं ते म्हणजे लिफ्टशेजारच्या कचऱ्याच्या चुटमध्ये डबा उपडा केला. लाडू धडधडत खाली गेले. निदान मावशींचं व्रत वाचवलं, या समाधानात त्याने घराचं दार उघडलं. उल्का दारातच उभी होती. तिच्या हातात फोन होता.

"डबा बघू," ती म्हणाली. "रिकामा? शैलेंद्र, तू सगळे खाल्लेस?"

हो म्हणावं, असा मोह त्याला झाला. पण उल्का अशी बघत होती की खोटं बोलणं शक्य नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. बरण्या, सरस, कातडी, चुट. उल्का ऐकत गेली आणि हळूहळू सोफ्यावर बसली.

"चुटमध्ये टाकलेस?"

"मग काय करणार? मावशींनी खाल्ले असते तर?"

"अरे मेल्या, चांगले होते ते! तो सकाळचा घाणेरडा प्रकार मी कधीच फेकून दिला. तुपासकट. इतकी वर्षं लाडू वळतेय मी, मला डिंक कळत नाही होय? नवव्या मजल्यावरच्या सविताताईंकडून वाटीभर डिंक आणला, दुसऱ्या कढईत तळला, दिवसभर खपून लाडू केले. आणि तू..."

शैलेंद्रला आपल्या पोटातल्या लाडवांबद्दल एकदम आपुलकी वाटली. उल्का उठली. सकाळची कढई तिने दोन बोटांनी उचलली आणि शेल्टरमध्ये नेऊन त्याच्या फळीवर ठेवली.

"ही आजपासून तुझी," ती म्हणाली. मग बरण्यांच्या फळीकडे बघत थबकली. "थांब. मी जे तळलं तो तुझा सरस. मग माझा डिंक कुठाय?"

शैलेंद्रने फक्त गिटारकडे पाहिलं.

उल्काही बघत राहिली. मग तिचा खांदा हलला. मग दुसरा हलला. आणि ती अशी काही हसत सुटली की तिला लोखंडी दाराला धरून उभं राहावं लागलं. हसणं आवरल्यावर तिने मावशींना फोन लावला. लाडू शुद्ध होते, जावई अधाशी नाही, त्याचा प्रॉब्लेम वेगळा आहे, हे सगळं तिने खुलासेवार सांगितलं. नवऱ्याची अब्रू सावरायची म्हणूनच सांगितलं, पण त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत दोन्ही घरांत आणि न्यू जर्सीत सगळ्यांना कळलं की शैलेंद्रची गिटार लाडवांच्या डिंकाने चिकटवलेली आहे.

रविवारी सकाळी शैलेंद्र गिटार मांडीवर घेऊन बसला. पट्टी काढून पुन्हा नीट बसवायला दिवस लागले असते आणि खरा सरस तर कचऱ्यात गेला होता. कोरड्या शेल्टरमध्ये डिंक धरून होता, पण बाहेरच्या हवेत तो किती टिकेल हे कुठल्याच दाढीवाल्याने सांगितलेलं नव्हतं. ताराही काही कमी जोराने खेचत नव्हत्या. अवनी केस पुसत दारात आली.

"अवनी, तुझी जुनी गिटार घे बेटा," तो म्हणाला. "ही नको."

"व्हाय? आईने सांगितलं मला. सो फनी लाह." सिंगापुरात वाढलेल्या अवनीच्या वाक्यांना तिथलं 'लाह' हे शेपूट असे.

"फनी आहे म्हणूनच. सगळ्यांसमोर मोडली तर?"

"मोडली तर मोडली." अवनीने गिटार त्याच्या हातातून घेतली आणि पोटाशी धरली. "बाबा, तू होल इयर बनवली ना ही. मी हीच वाजवणार. माझ्या जुन्या गिटारला कोण बघायला येतंय?"

शैलेंद्रचे डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून तो हवा कोरडी करणारं यंत्र उगीचच वाकून बघू लागला.

बारसं जान्हवीच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये होतं. तिथे एका बाजूला काचेची सरकती दारं होती आणि दारांपलीकडे समुद्र. पाहुण्यांनी आल्या आल्या पाळण्याकडे बघायचं सोडून गिटारकडे बघायला सुरुवात केली. "हीच का ती?" असं एकमेकांना विचारून झालं. सविताताईंनी पट्टीजवळ नाक नेऊन वास घेतला आणि हा डिंक आपल्या डिंकापेक्षा बरा वाटतो असा अभिप्राय दिला. प्रेमलामावशी लांब उभ्या राहून शैलेंद्रच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या.

शैलेंद्रचं लक्ष एसीकडे होतं. एसी चालू असेपर्यंत हवा कोरडी राहील आणि हवा कोरडी असेपर्यंत डिंक धरेल. त्याने रिमोट शोधून हॉल असा गार केला की आज्यांनी पदर कानांवरून घेतले.

"अहो, कोण एवढं गार करतंय?" मावशी ओरडल्या. "बाळाला सर्दी होईल!" त्यांनी एसी बंद केला.

शैलेंद्रने पुन्हा लावला. मावशींनी पुन्हा बंद केला. मग शैलेंद्रने रिमोट खिशात ठेवला, तेव्हा मावशींनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं आणि काचेची दारं दोन्ही बाजूंना सरकवून दिली. समुद्रावरची जडशीळ, ओली, उबदार हवा आत आली. "आता कसं बरं वाटतंय," मावशी म्हणाल्या. शैलेंद्र मटकन खुर्चीत बसला.

बाळाचं नाव अनिमेष ठेवलं. म्हणजे ज्याची पापणी लवत नाही तो. नाव आत्ता ठेवलं असलं तरी बाळ जन्मापासूनच त्याला जागत होतं. त्याने आईबापांना धड झोप म्हणून मिळू दिली नव्हती, आणि नाव कानात सांगताच त्याने जो सूर लावला तो अख्ख्या हॉलमध्ये घुमला. त्या गोंगाटातच बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या आणि अवनीने पहिला झंकार दिला.

शैलेंद्रने आपली गिटार लांबून प्रथमच ऐकली. ती वाजत होती. खरंच वाजत होती, गोड आणि खोल. बायकांनी पाळणा गायला सुरुवात केली. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि पट्टीवरची नजर हलू दिली नाही.

दुसऱ्या कडव्याला त्याला शंका आली. सूर किंचित खाली आला होता. पट्टी मऊ होऊन केसभर सरकली होती आणि तारा सैल पडत होत्या. अवनीनेही ते ओळखलं. तिने एकदा बाबांकडे पाहिलं आणि गिटार जशी उतरेल तसा आपला आवाज खाली घेतला. बायकांनी तिच्यामागून घेतला. तिसऱ्या कडव्याला सूर आणखी उतरला आणि बायकांना एवढ्या खालच्या पट्टीत भराभर म्हणता येईना, म्हणून चालही मंदावली. चौथ्या कडव्यापर्यंत सविताताई पुरुषी आवाजात गात होत्या. एरवी किनऱ्या आवाजात, घाईघाईने उरकला जाणारा पाळणा आता इतक्या संथ, इतक्या खोल आवाजात चालला होता की मागच्या रांगेतल्या एका काकांची मान छातीवर आली. दमट वारा येत होता, पाळणा हलत होता, गिटार हळूहळू उतरत होती.

शैलेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर वर्षभराचं काम बुडताना दिसत होतं आणि लेकीला त्याच्याबरोबर खाली जावं लागत होतं. उठून थांबवावं, असं त्याच्या मनात आलं. तो अर्धवट उठलादेखील. एवढ्यात शेवटच्या ओळीला गिटारमधून 'टक्' असा बारीक आवाज आला, पट्टी एका बाजूने उचकटली आणि सगळ्या तारा एकदम ढिल्या पडल्या.

गाणं थांबलं. हॉलमध्ये शांतता पसरली. आणि त्या शांततेत शैलेंद्रच्या लक्षात आलं की शांतता आहे. बाळ रडत नव्हतं.

मावशींनी पाळण्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी वळून सगळ्यांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. अनिमेषच्या दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या आणि तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. पाळण्याची दोरी हातात धरून जान्हवीसुद्धा झोपली होती, उभ्या उभ्या. अनीशने तिला अलगद खुर्चीत बसवलं.

टाळ्या वाजवायची कुणाची हिंमत झाली नाही. पाहुणे चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत जेवणाच्या टेबलाकडे गेले. चमचा कुणाच्या हातून पडला तर बाकीचे त्याच्याकडे खुनशी नजरेने बघत. शैलेंद्रपाशी येऊन मात्र जो तो थांबत होता आणि आवाज न करता त्याचा हात हातात घेऊन दाबत होता. प्रेमलामावशींनी तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. अवनी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि मोडकी गिटार मांडीवर ठेवून त्याच्या कानाला लागली.

"बाबा, कोणी क्लॅप नाही केलं. सॉरी लाह."

शैलेंद्रने मान हलवली. मग त्याने तिचा हात, पाहुणे त्याचा दाबत होते तसाच, आवाज न करता दाबला.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकाच वेळी खिशांत थरथरले. जान्हवीला जाग आली होती. तिने समोरच्याच खुर्चीतून, आवाज होऊ नये म्हणून, ग्रुपवर लिहिलं होतं. 'भाऊजी, एक विनंती. ही पट्टी पुन्हा चिकटवाल तेव्हा तोच डिंक वापरा. दुसरं काही वापरू नका. आणि गिटार रोज संध्याकाळी आमच्याकडे पाठवा.' त्याखाली अनीशने हात जोडले होते. न्यू जर्सीहून कुणीतरी विचारलं होतं की असा डिंक तिकडे मिळतो का.

शैलेंद्रने हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या उल्काकडे पाहिलं. ती फोनवर काहीतरी लिहीत होती. त्याचा फोन पुन्हा थरथरला.

'डिंक मिळेल,' उल्काने सगळ्यांदेखत कळवलं होतं. 'पण आधी बाळंतिणीचे लाडू होतील. ते जावयापासून वाचले, तर उरलेला गिटारला.'